एका पानावर एकच तक्रार

"आवाज डावीकडून आला की उजवीकडून, तेवढंच सांग," स्टीअरिंगला दोन्ही हातांनी लटकत साहेब म्हणाले.

"खालून आला," मांडीवरची भाजीची पिशवी सावरत बायको म्हणाली.

"खालून म्हणजे डावीकडे खालून की उजवीकडे खालून?"

"अहो, गाडी उडाली तेव्हा मी पण उडाले. वर असताना खालचं कसं कळणार?"

साहेबांनी गाडी होती तिथेच, म्हणजे फाटकात अर्धी आत आणि अर्धी बाहेर, थांबवली. मागच्या सीटवरून निळी फाईल ओढली आणि लिहिले : 'सायं. ६.१०. उजवे वळण. प्रथम कुरकुर, नंतर स्टीअरिंग जड, शेवटी धडाम. साक्षीदाराचे सहकार्य नाही.' मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्या आवाजांसाठी फाईलमध्ये रकाना नव्हता.

साहेब एका मोठ्या कंपनीच्या तक्रार विभागाचे प्रमुख होते. बावीस वर्षांत त्यांनी एकही तक्रार सोडवली नव्हती, पण एकही हरवू दिली नव्हती. तक्रार योग्य रकान्यात, सुवाच्य अक्षरात लिहिली की निम्मी सुटते असे त्यांचे मत होते. उरलेली निम्मी तक्रार करणारा कंटाळला की सुटत असे. विभागाला त्यांनी स्वतः एक नियम घालून दिला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता : एका पानावर एकच तक्रार. दोन तक्रारी एका पानावर आल्या की त्यांचा एकमेकींशी संबंध लागायला सुरुवात होते, आणि मग विभागाचे काम वाढते.

गाडी साहेबांच्या नोकरीइतकीच जुनी होती. उंच, चौकोनी, चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी. अशी वापरलेली गाडी विकत घ्यायला बायकोचा विरोध होता. पण बायकोचे वडील दूरच्या गावी एकटे राहत, त्यांची पाठ वाकत नसे, आणि बुटक्या गाडीत उतरून बसणे त्यांना जमत नसे. आई गेल्यापासून तीन वर्षे ती त्यांना आपल्याकडे आणायची खटपट करत होती. साहेबांनी नेमके तेच पकडले. "बाबांसाठीच घेतोय," असे ते म्हणाले. बायको काही खुळी नव्हती. पण तिला वडील हवे होते, म्हणून ती गप्प बसली.

गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा होता. तो मागे ओढला की चारही चाके इंजिनाला जोडली जात, पुढे ढकलला की फक्त मागची दोन. साहेबांचे त्याबाबतचे धोरण पक्के होते. "चार चाकं आहेत तर दोनवर का चालवायची? आपण ऑफिसात अर्धी खुर्ची वापरतो का?" पहिल्याच दिवशी बायकोने "ह्या दुसऱ्या दांड्याचं काय काम?" असे विचारले होते. साहेबांनी पाऊण तास उत्तर दिले. त्यानंतर घरात कुणी त्या दांड्याचे नाव काढले नाही.

रोज निघण्यापूर्वी साहेब सात मुद्द्यांची तपासणी करत. तसे कार्डच त्यांनी गाडीत चिकटवले होते. आधी आत बसून आरसा, हँडब्रेक आणि छोटा दांडा चारवर आहे ना, हे तीन मुद्दे. मग खाली उतरून चार टायरांना एकेक लाथ. एवढे करूनही गाडी वळणावर उडते म्हणजे दोष निश्चितच खोलवर असला पाहिजे, असे त्यांना वाटे.

भाजी घरात ठेवून झाल्यावर बायकोने सांगून टाकले, "बाबा हो म्हणालेत. या रविवारी आणायचं. आठच दिवस राहणार आहेत."

"आठच का?"

"म्हणतात, ज्या घरात मला काही काम नाही तिथं मी नुसता खुर्ची अडवून बसणार नाही. आठ दिवस येतो ते तुझं मन राखायला." तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. "अडतीस वर्षं ट्रक चालवलाय त्यांनी. ही गाडी अशी धडधडली तर ते गल्लीतनंच परत फिरतील. आणि ते परत फिरले, तर सोमवारी गाडी भंगारात. फाईलसकट."

साहेबांनी हे लिहून घेतले नाही. बायकोच्या तक्रारींची फाईल त्यांनी लग्नानंतर दुसऱ्या वर्षीच बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री कमी बोलणारा माणूस. त्याच्या धंद्याचे दोन नियम होते. पहिला, चाचणीला गाडी एकट्यानेच न्यायची. "गिऱ्हाईक शेजारी बसलं की एक आवाज वाढतो," असे तो म्हणे. दुसरा, गाडी जशी आली तशीच परत द्यायची. सीट मागे घेतली असेल तर पुन्हा पुढे, आरसा होता तसा, रेडिओ होता त्या स्टेशनावर, काच होती तेवढीच उघडी. गिऱ्हाइकाच्या सवयींना हात लावायचा नाही.

मिस्त्रीने चौकात चार फेऱ्या मारल्या आणि परत आला. "आवाज नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, साहेब. पाहिजे तिकडं वळते. काही तक्रार नाही."

'काही तक्रार नाही' हे वाक्य साहेबांच्या विभागात तक्रारदाराला घालवताना वापरत असत. ते आपल्यालाच ऐकवले जावे, हे त्यांना फार लागले. ते ताडकन गाडीत बसले आणि गॅरेजच्या दारातून वळले. कुरकुर, जड, धडाम. त्यांनी विजयी मुद्रेने मागे पाहिले, पण मिस्त्रीने तोवर ग्राइंडर सुरू केला होता.

असे तीन वेळा झाले. मिस्त्रीच्या हातात गाडी गरीब गाय, साहेबांच्या हाताखाली आली की उड्या. "ती तुला घाबरते," साहेब म्हणाले. मिस्त्रीने हात पुसत पुसत गाडीकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले आणि त्या अख्ख्या आठवड्यातला एकमेव कामाचा प्रश्न विचारला.

"साहेब, गाडी रानात, चिखलात वगैरे नेता का?"

गाडी घर, ऑफिस आणि भाजीबाजार यांच्यापलीकडे कधी गेली नव्हती. तिच्या टायरांना चिखल लागला तो शेजाऱ्यांनी कुंड्यांना पाणी घातले तेव्हा. पण इतक्या आदराने इतका मर्दानी प्रश्न साहेबांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांची छाती आपोआप पुढे आली.

"नेतो अधूनमधून," ते म्हणाले. "हात मोकळा करायला."

"मग ठीक आहे," मिस्त्री म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

मिस्त्रीवरचा विश्वास उडाल्यावर साहेब फोनवरच्या ग्रुपकडे वळले. जुन्या फोर-व्हील गाड्यांच्या मालकांचा हा ग्रुप. त्यात गाडी दुरुस्त करता येणारा एकही नव्हता, त्यामुळे सल्ल्यांची कधी टंचाई पडत नसे. साहेबांनी आवाज टिपून पाठवला. सगळ्यात आधी एका दातांच्या डॉक्टरांचे उत्तर आले. ते ग्रुपवरचे सर्वांत मानाचे सल्लागार होते आणि त्यांचे निदान नेहमी एकाच दिशेने जाई : हलतंय ते काढून टाका.

मंगळवारी पुढचे रबरी बुश काढून टाकले. बुधवारी शॉकअप बदलले. गुरुवारी स्टीअरिंगच्या सांध्यांची पाळी आली.

"हा चांगला आहे, साहेब," प्रत्येक भाग काढताना मिस्त्री म्हणे.

"ग्रुपवर ठरलंय," साहेब म्हणत.

शुक्रवारपर्यंत पुढच्या चाकांभोवतीचे सगळे इतके नवे झाले की गाडीत जुने म्हणावे असे फक्त साहेबच उरले. शनिवारी ते फाटकातून वळले. कुरकुर, जड, धडाम. डॉक्टरांनी फोनवर आवाज पुन्हा ऐकला आणि मूळ खोल गेलेले दिसते असे कळवले.

रविवार उजाडला. सासऱ्यांच्या गावचा रस्ता दोन तास सरळ होता, आणि सरळ रस्त्यावर गाडी कधीच आवाज करत नसे. "बरी झाली वाटतं," साहेब तीनदा म्हणाले.

सासरे दारात तयारच होते. हातात काठी, पायाशी एक लहानशी बॅग. बॅगेत दोन शर्ट आणि दाढीचे सामान. आठ दिवसांच्या वर एक दिवसाचीही सोय त्यांनी केली नव्हती. पाठ ताठ ठेवून ते पुढच्या सीटवर चढले, सीट हाताने चाचपली आणि म्हणाले, "उंची चांगली आहे." मुलीचा चेहरा उजळला. बॅग मांडीवर घेऊन ती मागे बसली.

मग गल्लीच्या तोंडाशी पहिले वळण आले. कुरकुर. स्टीअरिंग जड. धडाम. सासरे बॉनेटकडे बघत राहिले.

"जावईबापू, तो छोटा..."

"बाबा, ट्रकचं वेगळं असतं," साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले. "हे सस्पेन्शन आहे. तुम्ही निवांत बसा."

त्यांनी गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला, मागून एक जुनी चादर आणि पाना काढला आणि सगळ्या गल्लीदेखत गाडीखाली शिरले. थोड्याच वेळात खालून ठोकाठोक ऐकू येऊ लागली.

सासऱ्यांनी मान वळवली. "पोरी, येताना कुठं चिखल लागला का?"

"नाही, बाबा. सगळा डांबरी रस्ता."

"वाळू, ओढा, असलं काही?"

"काहीच नाही."

सासऱ्यांनी छोट्या दांड्याकडे पाहिले. मग काठी उलटी धरली, तिची मूठ दांड्याला लावली आणि पुढे रेटली. दांडा ताणाने घट्ट बसला होता. त्यांनी दोन ठोके दिले. टक्, टक्, आणि दांडा पुढे सरकला.

"हा आवाज कुठून आला?" खालून साहेबांनी विचारले.

"तुमचाच आहे," बायको म्हणाली. "ठोका तुम्ही."

साहेब बाहेर आले ते कपाळाला काळे आणि तोंडभर हसू घेऊन. "सापडला. एक बोल्ट होता फक्त. आठवडाभर एवढे लोक गाडीला लागले होते, कुणाला दिसला नाही." गाडी सुरू केली, वळणावर घातली. गाडी मुकाट्याने वळली. पुढचे वळणही तसेच. दोन तासांच्या रस्त्यात साहेब त्या बोल्टाविषयी सलग बोलत होते. सासरे "असं का" म्हणत होते आणि मागच्या सीटवर बायको ओठ दाबून बसली होती.

सोमवारी सकाळी साहेबांनी तपासणी केली. छोटा दांडा दोनवर सापडला. हे त्यांना आवडले नाही. त्यांनी तो चारवर ओढला, टायरांना लाथा घातल्या, फाटकातून वळले आणि धडाम. बोल्टाची कीर्ती ग्रुपवर पसरून अजून बारा तासही झाले नव्हते.

संध्याकाळी बाजारात जायचे होते. सासरे म्हणाले, मीही येतो. ते पुढे बसले. साहेबांनी आतले तीन मुद्दे तपासले आणि टायर बघायला खाली उतरले. तेवढ्या वेळात काठीने आपले काम केले. जाताना, येताना, बाजारातल्या अवघड कोपऱ्यावर, कुठेच चकार शब्द नाही. मंगळवारी सकाळी साहेब एकटे, धडाम. संध्याकाळी सासऱ्यांसह, शांत. बुधवारी तेच.

साहेबांनी हे सगळे निळ्या फाईलमध्ये शिस्तीत उतरवले. रोज सकाळी छोटा दांडा दोनवर सापडतो, ही बाबही त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. तीही त्यांनी लिहिली : 'दांडा आपोआप सरकतो.' पण ती तक्रार निराळी असल्यामुळे निराळ्या पानावर. दोन्ही पाने एकाच फाईलमध्ये, पाठीला पाठ लावून होती. नियमाप्रमाणे त्यांची गाठ पडायचे काही कारण नव्हते.

बुधवारी दुपारी साहेब ऑफिसात असताना सासरे स्वयंपाकघरात आले. दोन दिवसांत त्यांनी घरातल्या सगळ्या सैल बिजागऱ्या आवळल्या होत्या, सुऱ्यांना धार लावली होती, गळका नळ बंद केला होता. आता करण्यासारखे काही उरले नव्हते आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"सांगून टाकतो त्याला," ते म्हणाले. "बरं दिसत नाही असं."

"नक्की होतं काय त्या दांड्यानं?" मुलीने विचारले.

"अगं, वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर जायचं असतं, मागच्यांना कमी. चौघं एकत्र जखडली की त्यांची ओढाताण होते. चिखलात घसरून निभावून नेतात. कोरड्या डांबरावर कुठं घसरणार? मग ताण साठतो नि सुटताना दणका बसतो. ट्रकवरच्या कुणालाही विचार."

"मिस्त्रीला कसं कळलं नाही?"

"तो बसल्या बसल्या दोनवर टाकत असणार. हात आपोआप जातो. आणि देताना परत होता तसा ठेवत असणार. चांगला मिस्त्री दिसतो." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "आज आला की सांगतो. रविवारी मला सोडायला यायचंय, निदान परतताना तरी बिचारा नीट जाईल."

मुलीने हातातली शेंग सोलता सोलता खाली ठेवली. "सांगा की," ती म्हणाली. "सांगितलंत की झालं. मग तुमचं इथं काय काम राहिलं?"

तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायचा तिने प्रयत्नही केला नाही. सासऱ्यांनी समोरची परात पुढे ओढली आणि शेंगा सोलायला घेतल्या. संध्याकाळी साहेब आले तेव्हा त्यांनी फक्त टायरांची चौकशी केली.

गुरुवारी साहेबांना शोध लागला. शोध सोपा होता, सगळे मोठे शोध असतात तसा. वजन. सासरे डाव्या सीटवर बसतात तेव्हाच गाडी शांत असते, म्हणजे डाव्या पुढच्या चाकावर जितका भार हवा तितका येतो. त्यांनी सासऱ्यांना काट्यावर उभे केले. बासष्ट किलो. शेजारच्या बांधकामावरून दोन पोती वाळू आणली, तंतोतंत बासष्ट किलो करून डाव्या सीटवर ठेवली, वर पट्टा लावला. फाटकात धडाम. पोती फुटून निम्मी वाळू गिअरच्या दांड्याभोवती पसरली.

ग्रुपवर खळबळ उडाली. दातांच्या डॉक्टरांनी निर्वाळा दिला की जिवंत वजन आणि मेलेले वजन यात फरक पडतो. वळताना माणूस नकळत तोल सावरतो, पोते सावरत नाही. साहेबांना हे तत्काळ पटले. सासऱ्यांना घेऊन ते मिस्त्रीकडे गेले आणि त्याला सगळा सिद्धान्त ऐकवला. मिस्त्रीने ऐकून घेतले. मग खिडकीतून आत पाहिले. आत म्हातारा माणूस, गुडघ्यांमध्ये काठी, काठीच्या मुठीवर हात आणि मुठीवर ताजे ओरखडे. छोटा दांडा पुढे. दोघांची नजरानजर झाली.

"किती वर्षं ट्रकवर?" मिस्त्रीने विचारले.

"अडतीस."

मिस्त्रीने साहेबांकडे वळून मान डोलावली. "बरोबर आहे, साहेब. जुन्या गाडीला असं माणूस लागतंच."

साहेबांनी हे वाक्य तज्ज्ञाचे मत म्हणून फाईलला लावले.

रविवारी सकाळी सासरे दिवाणखान्यात आले ते बॅग घेऊनच. दोन्ही शर्ट धुऊन, घडी घालून आत ठेवलेले. मुलीने चहा दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बोलण्यासारखे सगळे ती तीन वर्षे बोलून झाली होती.

बोलले ते साहेब. सासऱ्यांची बॅग त्यांनी स्वतःच्या पायाआड सरकवली.

"बाबा, जायचं म्हणता?"

"आठ दिवस झाले, जावईबापू. बोललो होतो तसं."

"तुम्ही गेलात तर मी गाडी कशी वळवू?" साहेबांचा आवाज पार उतरला. "दोन पोती घालून बघितली, तुम्हाला माहीत आहे. चालत नाही. तुमच्याशिवाय ती गाडी चालतच नाही. हिनं सांगून ठेवलंय, धडधडली तर भंगारात. आणि ग्रुपवर मी सगळ्यांना सांगून बसलोय."

सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे माझं काम आहे म्हणता इथं."

"रोजचं काम आहे. सकाळी ऑफिसला, संध्याकाळी बाजाराला. सुट्टीच्या दिवशी जरा जास्तच. तुम्हाला जमेल ना?"

"बघतो," सासरे म्हणाले. "कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही."

तोवर मुलीने साहेबांच्या पायामागून बॅग ओढून नेली होती. आत कपाटाचे दार उघडल्याचा आवाज आला, आणि दोन हँगर अडकवल्याचा. लग्नाला इतकी वर्षे झाली होती. नवऱ्याच्या तोंडून निघालेल्या शब्दांबद्दल त्याचे आभार मानावेत असे तिला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटले. तिने ते मानले नाहीत. मानले असते तर साहेब का म्हणून विचारत बसले असते.

राहायचे म्हणजे आणखी शर्ट लागणार, म्हणून तिघेही बाजाराला निघाले. सासरे पुढे चढले, बायको मागे बसली, तिच्या मांडीवर निळी फाईल. साहेबांनी आरसा बघितला, हँडब्रेक बघितला, छोटा दांडा चारवर असल्याची खात्री केली आणि खाली उतरले.

"टायर नीट बघा," सासरे खिडकीतून म्हणाले. "चारही. घाई करू नका."

साहेबांनी पहिल्या टायरला लाथ घातली. दुसऱ्याला घातली. तिसऱ्यापाशी ते थबकले.

"आत काय वाजलं, बाबा?"

"काठी लागली."

"लिहू का?" मागून बायकोने फाईल उघडत विचारले.

"काठीचं काय लिहायचं," साहेब म्हणाले, आणि चौथ्या टायरकडे गेले.